गेल्या वाटेनं येऊ नये

त्या प्रश्नाचं उत्तर सोळा आहे. आता मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला चार रस्ते आहेत. एक माणूस पहिल्या गावाहून दुसऱ्या गावाला जातो आणि परत येतो. तर तो एकूण किती प्रकारे जाऊन येऊ शकतो? जायला चार, यायला चार, चार चोक सोळा. चौथीतलं पोरगं नाक पुसता पुसता सांगेल. मी दहावी झालेली, गणितात शाळेत पहिली आलेली घोडी, आणि मी बारा लिहिलं. तेवढ्या एका चुकीत माझं पुढचं सगळं शिक्षण गेलं. आता पन्नाशी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पिरंगुटला दुकानात बसून बांगड्या विकते, लेकीचं लग्न करून मोकळी झाले. तरी गिऱ्हाईक नसलं की डोकं पुन्हा तिथंच जातं. गाय मेली तरी दावं सुटत नाही, तसलं माझं झालंय.

माझे अब्बा मण्यार होते, म्हणजे गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरणारे. भरे गावात मुसलमानांची घरं मोजून तीन, त्यातलं एक आमचं. सायकलीच्या मागं लाकडी पेटी, पेटीवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, आणि हँडलला अम्मानं बांधून दिलेलं भाकरीचं फडकं. अख्ख्या मुलखातल्या बायका त्यांना मण्यारमामा म्हणायच्या. नवऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या पाटलांच्या सुनासुद्धा अब्बांच्या हातात हात देऊन ओट्यावर बसायच्या आणि सासूच्या कागाळ्या सांगायच्या. अब्बा हात असा दाबायचे की लहानात लहान बांगडी मनगटावर केव्हा उतरली हे बाईला कळायचंच नाही. भरून झाल्यावर ती बाई वाकून त्यांना नमस्कार करायची आणि अब्बा म्हणायचे, “सुखी ऱ्हा गं बाय.” आमच्या घरात बांगडी ‘फुटली’ म्हणायची बंदी होती, ‘वाढवली’ म्हणायचं. लहानपणी माझ्या हातून अख्खी माळ खाली पडली तेव्हा मी रडत रडत अम्माला सांगितलं होतं, “अम्मा, तीन डझन वाढवल्या,” आणि अम्मा मारायचं सोडून हसत सुटली होती.

घरात दिवसभर काचेचा आवाज असायचा. अब्बा सकाळी अंगणात गोणपाटावर बसून माल मांडायचे. एकेक बांगडी नखानं वाजवून बघायचे, तडा असेल तर आवाज बद्द येतो. मी त्यांच्या समोर बसून बारा-बाराचे गट करायचे. अब्बांना डझनातच मोजता यायचं. माणसं किती आली असं विचारलं तर म्हणायचे, “दीड डझन असतील.” आत अम्मा चुलीवर आंबेमोहोर शिजवायची आणि त्या भाताचा वास बाहेरपर्यंत यायचा. भात आणि सुकटीचं कालवण, वर कच्चा कांदा फोडलेला. आता कुकरात काय वाट्टेल तो तांदूळ घाला, वास म्हणून येत नाही. लेक म्हणते, अम्मी, तुझं नाकच म्हातारं झालंय. असेल बाई, झालं असेल.

आता त्या वाटांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांचंच आहे. भऱ्याहून हिंजवडीकडे जायला त्या वेळी चार वाटा होत्या. एक डांबरी सडक. एक कासारसाईच्या धरणाकडून मोठा वळसा घालून जाणारी. एक खिंडीतली, सायकल खांद्यावर घ्यायला लावणारी. आणि एक आमच्या परसदारातून निघून ओढ्याच्या काठाकाठानं जाणारी. अब्बा ज्या वाटेनं जायचे त्या वाटेनं कधीच परत यायचे नाहीत. मुळात ही रीत ईदची. ईदगाहला नमाजाला जाताना एका रस्त्यानं जायचं, येताना दुसऱ्या रस्त्यानं यायचं, ही आमच्यात चालत आलेली गोष्ट आहे. अब्बांनी ती वर्षभर लावून घेतली होती. म्हणायचे, “गेल्या वाटंनं येऊ नये. त्या वाटंच्या बायांनी बांगड्या भरल्या. मग दुसरीकडच्या बायांनी काय पाप केलंय?” बाजाराला गेले तरी तेच, मयताला गेले तरी तेच. मला किराणा आणायला पाठवलं तरी येताना मारुतीच्या देवळामागून यायचं. विसरून त्याच वाटेनं आले तर अब्बा रागवायचे नाहीत, फक्त एवढंच म्हणायचे, “अर्धंच काम झालं की गं.” मला तर वाटायचं जगात सगळीच माणसं अशी येतात-जातात.

रोज सकाळी अब्बा सायकलीला टांग मारताना विचारायचे, “नसीम, आज कोनती जोडी?” आणि मी ओसरीवरून ओरडायचे, “सडकेनं जा, खिंडीनं या!” सगळ्या जोड्या मी पाटीवर काढून ठेवल्या होत्या. चार वाटांनी जायचं, उरलेल्या तीनांतून एकीनं यायचं. चार त्रिक बारा. बरोबर एक डझन! अब्बांना इतका आनंद झाला होता की त्यांनी ती पाटी शेजारच्या दोन्ही घरांत नेऊन दाखवली. “अल्लानं वाटा बी डझनावारी दिल्यात,” म्हणाले.

यातली आज एक वाट उरली आहे. खिंडीत कुणाचे तरी बंगले झालेत आणि खाली फाटकावर पहारेकरी बसतो. ओढ्याच्या वाटेवर कंपाउंडची भिंत आहे. धरणाकडून जायला रस्ता आहे म्हणतात, पण त्या वळशाला कोण जाणार? हिंजवडीचे मनोरे आमच्या गच्चीवरून दिसतात. लेकीचं सासर इथंच गावात, ती तिथं कंपनीत जाते, कंपनीची कॅब सकाळी तिला नेते आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून त्याच सडकेनं आणून सोडते. फोनमधली बाई तिला सांगते, तुम्ही सर्वात जलद मार्गावर आहात. मी म्हणते, भवाने, दुसरा ठेवलाय कुठं?

तर परीक्षेचं. पिरंगुटच्या शाळेत आम्हांला गणिताला गुरव सर होते. बुटके, घाईघाईनं बोलणारे, खडूनं कायम पांढरी झालेली कोपरं. त्यांनी एक दिवस घरी येऊन अब्बांना सांगितलं की पुण्यातली एक संस्था दरवर्षी खेड्यातल्या दहा मुली निवडते, परीक्षा घेते, निवडलेल्या मुलींचं राहणं, जेवण, अकरावी-बारावी शास्त्र आणि त्यापुढचंही सगळं संस्था करते. “मण्यारमामा, ही पोरगी गणिताची बाई होईल. माझ्यापेक्षा चांगली होईल,” सर म्हणाले. मला गणिताची बाईच व्हायचं होतं. साडीला खडू लागलेली, हातात पट्टी घेतलेली, आणि मागच्या बाकावरच्या पोरांना न मारता समजावून सांगणारी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, सरांना कसं कळलं कोण जाणे.

अडचण अम्माची होती. माझ्या मामूंनी त्यांच्या मुलासाठी मला मागितलं होतं. निकाह अठरा पूर्ण झाल्यावर, पण शब्द आत्ता हवा होता. रोज एसटीनं एकटीनं पुण्याला जाऊन येणं अम्माला मंजूर नव्हतं आणि संस्थेत नंबर लागला नाही तर वसतिगृहाचं आम्हांला झेपणारं नव्हतं. अम्मा दुष्ट नव्हती. तिला भावाचं मन मोडवत नव्हतं, इतकंच. शेवटी अब्बांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला. “पोरीचा लंबर लागला तर ती पुन्याला जाईल, मी मामूच्या पाया पडंन. न्हाई लागला तर तुझ्या भावाला व्हय म्हन.” अम्मा म्हणाली, “बघा हां, शब्द हाय.” अब्बा म्हणाले, “शब्द हाय.” अब्बांना माझा नंबर लागणार याची इतकी खात्री होती की त्यांनी तो शब्द हसत दिला.

परीक्षेला अब्बाच मला घेऊन गेले. पेपर सोपा गेला. शेवटून तिसरा तो रस्त्यांचा प्रश्न आला आणि मला चक्क हसू आलं. खाली चार उत्तरं दिली होती, त्यांत बारा होतं, सोळाही होतं. मी सोळाकडे बघितलंसुद्धा नाही. बारावर खूण केली, प्रश्नपत्रिकेवरही पेन्सिलीनं टिंब दिलं, आणि वर मान करून खिडकीबाहेर बघत बसले, इतका वेळ उरला होता. बाहेर अब्बा झाडाखाली फडकं पसरून माझ्यासाठी भाकरी धरून बसले होते. येताना अर्थातच दुसऱ्या बसनं, लांबच्या रस्त्यानं आलो. वाटेत मी त्यांना तो प्रश्न सांगितला. “आन तू काय लिवलंस?” “बारा.” अब्बांनी बसमध्येच मांडीवर थाप मारली. “डझन! आगं, ह्यो तर आपल्याच घरचा सवाल!” कंडक्टरपासून सगळ्यांना त्यांनी सांगितलं की पुण्याच्या लोकांनी पेपरात आमच्या वाटा विचारल्या.

निकालाचा कागद आला तेव्हा माझा नंबर अकरावा होता. दहाव्या मुलीपेक्षा एक गुण कमी. गुरव सर म्हणाले, असं कसं झालं, आण तो पेपर. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो आणि सर माझी पेन्सिलीची टिंबं बघत एकेक प्रश्न सोडवत गेले. बरोबर, बरोबर, हेही बरोबर. मग ते त्या प्रश्नाशी थांबले. तो दोन गुणांचा होता.

“नसीम, हे सोळा आहे गं.”

“कसं काय सर? चार त्रिक बारा.”

“त्रिक कुठून आणलंस? परत यायलाही चार रस्ते आहेत ना?”

“पण एकीनं तर तो गेला ना, सर.”

“मग? त्याच रस्त्यानं परत यायला काय हरकत आहे?”

मला खरंच कळेना ते काय विचारतायत. “त्याच रस्त्यानं परत कोण येतं, सर?” मी म्हटलं. सर आधी हसले. मग त्यांचं हसणं थांबलं, कारण त्यांनी अब्बांना कित्येक वर्षं येता-जाता बघितलं होतं. त्यांनी पेपराची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. “अरेरे,” एवढंच म्हणाले. मला रडू नाही आलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला आजही लाज वाटते. घरी आले तर अब्बा गोणपाटावर हिरव्या बांगड्या मांडून बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, “काय गं, काय म्हनलं सर?” मी गप्प आत निघून गेले असते तर आज हे प्रकरण लिहावंच लागलं नसतं. पण मी गप्प बसणारी नव्हते. मी दारात उभी राहून ओरडले. “तुमच्यामुळं! तुमच्या त्या वाटांमुळं! अख्ख्या जगात माणसं गेल्या वाटेनं परत येतात. तुमीच एकटे शहाणे! सोळा होतं उत्तर, सोळा! डझन घेऊन बसा आता!” अम्मा चुलीपासून उठून आली, तिनं माझ्या दंडाला धरलं. अब्बांच्या हातात एक बांगडी होती, ती वाजवून बघण्यासाठी उचललेली. ती त्यांनी न वाजवताच डझनात ठेवली. मग बराच वेळ ते त्या बांगड्या मोजत होते आणि त्यांचा हिशेब काही जुळत नव्हता. मी आत जाऊन गोधडीत तोंड खुपसलं आणि मला वाटलं, बरं झालं, बोलले ते.

दुसऱ्या दिवशी अब्बा ईदचा पांढरा सदरा घालून सरांकडे गेले आणि त्यांना घेऊन पुण्याला संस्थेच्या कचेरीत. हे मला सरांनी नंतर सांगितलं, अब्बांनी कधीच नाही. कचेरीत एक वयस्कर बाई होत्या. अब्बा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“बाई, पोरीची चूक न्हाई. आमच्या घरात चालच हाय तशी, गेल्या वाटंनं येत न्हाईत. मीच तिला चार त्रिक बारा करायला लावलं. चूक माझी हाय, मार्क माझं कापा.”

बाई म्हणाल्या, “मामा, पेपरात तसं काही लिहिलं नव्हतं हो.”

“व्हय बाई. पर तसं न्हाई, असं बी लिवलं न्हवतं.”

बाई खाली बघायला लागल्या, सर म्हणाले. मग हळूच म्हणाल्या की यादी लागली, दहाही मुली आल्या, त्याही कुणाच्या तरी लेकीच आहेत. त्यांनी चहा मागवला. अब्बांनी पिशवीतून हिरव्या बांगड्यांचा एक डझन काढून टेबलावर ठेवला, तर बाई म्हणाल्या, असं घेता येत नाही. अब्बांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला. बाहेर येऊन ते पायरीवर बसले आणि म्हणाले, “सर, मला त्ये सोळा दावा.” सरांनी त्याच बांगड्यांतल्या चार एका बाजूला ठेवल्या, चार दुसऱ्या बाजूला. इकडची एक घ्या, तिकडच्या चारांपैकी कोणतीही लावा. अब्बांनी तीनदा मोजलं. तीनदा करून झाल्यावर म्हणाले, “आन ही, हिच्यासंगं हीच, ही बी धरायची?” सर म्हणाले, “हो मामा, तीही धरायची.” येताना दोघं कोणत्या बसनं आले हे मी सरांना विचारलं नाही.

मामूंना होकार गेला. अठरा पूर्ण झाल्यावर माझा निकाह झाला. नवरा वाईट निघाला नाही, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं. त्यानंच पुढं मला पिरंगुटला दुकान टाकून दिलं. पण खडू काही हाताला लागला नाही. लेकीला गणित शिकवायला बसले तर ती सातवीतच म्हणाली, अम्मी, तू उगाच ओरडतेस. दुकानात कंपनीतल्या पोरी येतात, फोटोपुरत्या बांगड्या घालतात आणि रिक्षात बसायच्या आत काढून टाकतात. मी त्यांच्या हातात भरायला गेले तर हात मागे घेतात, स्वतःच घालतात. अब्बांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. शेवटपर्यंत ते सायकलीवर फिरले, पण जायचे त्याच वाटेनं यायचे. सकाळी जोडी विचारायचं बंद झालं. ओढ्याकडच्या वस्तीवरच्या बायका अम्माला विचारायच्या, “मण्यारमामा रुसले का काय आमच्यावर? हिकडं फिरकत न्हाईत.” अम्मा म्हणायची, “वय झालं त्यांचं.” त्यांचं काही वय झालं नव्हतं.

त्यांचं त्याच वाटेनं येणं सुरू कधी झालं तेवढं सांगते. निकालानंतरची पहिली ईद. घरात पहाटेपासून दुधाचा आणि तळलेल्या शेवयांचा वास. अब्बा अत्तर लावून पुढच्या दारानं, सडकेनं, हिंजवडीकडच्या ईदगाहला गेले. दर ईदला ते ओढ्याच्या वाटेनं परत यायचे आणि परसदारातून घरात शिरायचे, म्हणून आम्ही त्यांची वाट मागच्या दाराशी बघायचो. अम्मा शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन उंबऱ्यात उभी राहायची, मी तांब्या घेऊन पाय धुवायच्या दगडापाशी. त्या दिवशीही तशाच उभ्या होतो. अब्बांशी मी त्या भांडणानंतर कामापुरतंच बोलत होते. मनात ठरवलं होतं की आज पाय धुवायला पाणी घालताना बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. अब्बा, माझं चुकलं. दोन तर शब्द.

ओढ्याच्या वाटेवर कुणीच दिसेना. खुर्म्यावर साय धरायला लागली. आणि मागून, पुढच्या दाराची कडी वाजली.

आम्ही वळून बघितलं तर अब्बा घरातून चालत आमच्याकडे येत होते, पायांत सडकेची धूळ. अम्मा घाबरली. “अगं बाई! हितून कसं आलात? काय झालं?”

“काय न्हाई,” अब्बा म्हणाले. ते अम्माकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते, शाळेत पाढा म्हणून दाखवायला उभ्या केलेल्या पोरासारखे. “चार चोक सोळा. त्याच वाटंनं आल्यालं बी धरत्यात. म्या सरांकडनं समजून घेतलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आता बरोबर हाय ना गं, नसीम?”

माझ्या हातात तांब्या होता. त्यांना पाय धुवायला परसातल्या दगडापाशी यावं लागणार होतं, एवढं एक मला दिसत होतं.

“व्हय,” मी म्हटलं. “बरोबर हाय.”

चुकल्याचे ते दोन शब्द मी त्यांना त्या दिवशी दिले नाहीत, आणि पुढंही कधी दिले नाहीत.